पौर्णिमाचा पाय

“...पण भन्तेजी, सहा वर्षांच्या मुलीला एकसुद्धा मैत्रीण नसावी?”

भन्तेजी विहाराच्या अंगणात झाडत होते. झाडू थांबला नाही.

ह्या एका प्रश्नापायी विशाखाची रात्र कूस बदलण्यात गेली होती. बी.एड. कॉलेजात ती बालमानसशास्त्र शिकवायची. मैत्रीचे टप्पे फळ्यावर इतके सुबक काढायची, की पोरी मोबाइलवर फोटो घ्यायच्या. आधी शेजारी बसून आपापलं खेळणं, मग घोळका, मग जोड्या आणि गुपितं, मग रुसवे-फुगवे...

आणि घरी खेमा. त्यातल्या एकाही टप्प्याच्या वाटेला न गेलेली.

“ती इथं कोणाशी बोलते?” विशाखाने विचारलं.

“नाही बोलत.”

“तिच्याशी कोणी?”

“नाही.”

म्हातारा माणूस आहे, दोन शब्द धीराचे बोलेल, असं तिला वाटलं होतं.

“मग नाव कमी करा तिचं. नागपूरला एक वर्ग आहे, मुलांना मिसळायला शिकवतात. इथल्या रविवारच्या वर्गाला मी तिला मैत्रिणी मिळाव्यात म्हणूनच घातलं होतं.”

“बरं.” भन्तेजींनी पायऱ्यांकडे बोट केलं. “तिच्या चपला तेवढ्या इथं आणून ठेवा. मग करतो नाव कमी.”

एवढंच ना! विशाखा तरातरा पायऱ्यांपाशी गेली.

आत मुलं एका सुरात वंदना म्हणत होती. बाहेर त्यांच्या चपला. ती खाली वाकली...

आणि वाकलेलीच राहिली.

आयांच्या कडेवरून आलेल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या चपला पहिल्या पायरीखाली, एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे, एक चक्क उताणी. पलीकडे सात-आठ वर्षांच्या पोरांचा ढीग, कोणाची कोणती ते त्यांनाच ठाऊक. दहा-अकराच्या पोरींचे दोन-दोन जोड, एकीचा पट्टा दुसरीच्या पट्ट्यात अडकवलेला. आणि दूर, कडुलिंबाखाली, मोठ्या पोरींचे तीन जोड डोक्याला डोकं लावून. त्यांच्यापासून चार हातांवर चौथा जोड, एकटाच. तोंड मात्र त्या तिघींकडे.

तिचा अख्खा फळा पायऱ्यांखाली मांडून ठेवला होता. आणि दर रविवारी ती तो ओलांडून जात होती.

“सापडल्या?” मागून आवाज आला.

खेमाची पिवळी चप्पल भिंतीकडेला होती. पिवळी एक, आणि तिच्या जोडीला निळी एक. शेजारी आणखी एक जोड. तोही तसाच, एक निळी, एक पिवळी.

विशाखाचा हात सवयीने निळीकडे गेला.

“दर रविवारी फाटकापाशी काय करता तुम्ही?” भन्तेजींनी विचारलं.

“चपला... नीट करते. वेंधळी आहे हो. त्या गिरणीवाल्यांच्या पौर्णिमाची एक घालून येते. ती पोरही तसलीच, हिची घालून जाते. मी हाक मारून बदलून देते.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून...”

“इतके रविवार चुकतच राहिल्या दोघी?”

विशाखाने दारातून आत पाहिलं. खेमा खांबाला टेकून बसली होती. पौर्णिमा पार दुसऱ्या टोकाला, खिडकीशी. एकीचं दुसरीकडे लक्षही नव्हतं.



निळीवरचा हात तिने हळूच मागे घेतला, झोपलेल्या बाळापाशी चुकून आवाज झाल्यावर घ्यावा तसा.

“आणा की,” भन्तेजी म्हणाले.

“भन्तेजी... कोणत्या आणू?”

भन्तेजी पुन्हा झाडू लागले.

घंटा झाली. पोरं धबाधबा बाहेर आली. खेमा आली, तिने एक पिवळी घातली, एक निळी घातली. पौर्णिमाने उरलेल्या दोन घातल्या. एक शब्द नाही, एक नजर नाही. पौर्णिमा गिरणीच्या वाटेने पळत सुटली.

खेमाने मात्र दर रविवारसारखा निळा पाय आईपुढे धरला. बोलणी खायच्या तयारीत.

“चल,” विशाखा म्हणाली.

पोर बघतच राहिली.

“आज... नीट नाही करायची?”

“नाही.”

विशाखा झपाझप निघाली. थांबली असती तर तिथेच रडू फुटलं असतं. फाटकाबाहेर खडी होती. मागून तिचा पदर ओढला गेला.

“आई, हळू चाल ना. हा पाय पौर्णिमाचा आहे.”