केरबानं पाव्हण्यांची फुगी उतरवली

एका गावात एक भोळा गडी राहायचा, केरबा. जे सांगाल ते तो तस्संच करायचा. खोट काढायची म्हटलं तर एवढीच, आणि हीच भारी पडायची.

लग्नाचं वय होऊन गेलं होतं. तीन सोयरिकी दारातून परत गेल्या होत्या. चौथी आली ती पलीकडच्या गावच्या हिंदुरावांची. त्यांची लेक हौसा. हौसानं केरबाला बाजारात एकदा पाहिलं आणि ती खुदकन हसली. केरबाला ते हसणं गोड लागलं. ती का हसली, ते काही त्यानं विचारलं नाही.

हिंदुराव शनिवारी सुपारी फोडायला येणार होते. आणि बुधवारी केरबाची दाढ उठली. केरबाची आई तानूबाई त्याला तालुक्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी बॅटरी मारून आत बघितलं. "अक्कलदाढ आहे. आडवी आलीय. काढावी लागेल."

केरबा खुर्चीतून ताडकन उठला. "आई, चल घरी. गावानं सांगितलंय, मला अक्कल थोडी. ती दाढेत होती होय! आडवी तर आडवी, आहे तेवढी राहू दे."

"अहो, ती अक्कल वेगळी. ती डोक्यात असते."

"मग हिला अक्कलदाढ कोण म्हणालं?"

तानूबाईनं लेकाचा खांदा धरून त्याला खाली बसवलं. "बाई, तुम्ही काढा. त्याला अक्कल घेऊन करायचंय काय? पण शनिवारी पाव्हणं यायचंत. गालाचा भोपळा झाला तर पोरगी कोण देणार?"

"त्याची सोय करते. स्टिरॉइडचं इंजेक्शन देते. सूज चढायच्या आधी टोचलं की गाल फार फुगत नाही. दुखतंही कमी."

दाढ निघाली. इंजेक्शन झालं. बाईंनी पुढं पुष्कळ सांगितलं. बर्फ लावा, चूळ भरू नका, गरम खाऊ नका. ते सगळं तानूबाईनं ध्यानात ठेवलं. केरबानं एकच धरलं. फुगायच्या आधी टोचायचं, म्हणजे फुगत नाही.

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी गाल जागच्या जागी. जरासा टेंगळाएवढा उंच, बस्स. केरबा आरशात बघून म्हणाला, "काय गुण आहे टोचण्यात!"

तानूबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. घागर रिकामी दिसली, तशी ती उठली. "पाणी घेऊन येते. भाकरीकडं बघ रं. फुगायला लागली की उलटव."

ती गेली. भाकरी तव्यावरून निखाऱ्याशी लागली होती. कडेला जरा उचलल्यासारखी झाली. केरबा घाबरला. पोतं शिवायचं दाभण भिंतीला खोचलेलं होतं, ते त्यानं घेतलं, आणि भाकरीला फुगायच्या आधीच टोचलं. आईनं थापून ठेवलेली पुढची टाकली. तिलाही टोचलं. टोपलीत चाळणीगत भाकऱ्यांची चळत लागली.

तानूबाई घागर घेऊन आली आणि दारातच थबकली. "हे रं काय केलंस?"

"सूज चढू दिली नाही."

"मुडद्या! भाकरी फुगली नाही तर बाईमाणसाची लाज जाते. फुगतंय त्याला फुगू द्यावं. हात लावू नये. कशी टम्म झाली म्हणून कौतुक करावं. कळलं?"

"आधी सांगायचं नाही होय? कळलं."

आणि कळलं की केरबा विसरत नसे. तीच तर पंचाईत.

शुक्रवारी शेजारचा शिरपाआण्णा रानात निघाला. जाताना म्हणाला, "केरबा, गोठ्यातल्या म्हशीवर नजर ठेव. पावसाचा ओला घास खाल्लाय तिनं."

केरबा गोठ्याच्या दारात बसला. नजर ठेवली. थोड्या वेळानं म्हशीची डावी कूस वर आली. मग पोट नगाऱ्यासारखं झालं. म्हैस पाय झाडायला लागली, डोळे पांढरे करायला लागली. केरबा मांडी घालून मान डोलवतोय. "वा गं वा! काय फुगलीस! कुठं चीर नाही, कुठं करपली नाही!"

नशीब म्हशीचं. आण्णा विळा विसरला होता, तो न्यायला परत आला. आल्या आल्या त्यानं कपाळाला हात लावला. म्हशीला दावं लावलं, बांबूच्या नळीनं घशात तेल ओतलं आणि तिला ओढत अंगणात फिरवायला लागला. बऱ्याच वेळानं म्हशीनं असा ढेकर दिला, की कौलावरचे कावळे उडाले.

"गाढवा, मेली असती की माझी म्हैस!"

"आईनं सांगितलं, फुगलेल्याला हात लावू नये."

"आईला काय विचारतोस? माझं ऐक. फुगलेलं दिसलं की वाट बघायची नाही. गळ्यात दावं, नळीनं तेल, आणि चालवायचं. ढेकर आला की समजायचं, उतरली फुगी."

"उतरली फुगी," केरबा म्हणाला. पाठ झालं.

शनिवारी हिंदुराव आले. डोक्याला तुर्‍याचा फेटा, पोट शर्टाच्या गुंड्या तोडायला निघालेलं. बरोबर धाकटा भाऊ. दोघांनी केरबाचा चेहरा न्याहाळला. गाल कसा नीट, सुपारीच्या दिवशी शोभेल असा. हिंदुरावांनी मिशीवरनं हात फिरवला. आता सोयरीक जमलीच, असं तानूबाईच्या मनानं घेतलं.

घाईघाईत ती कुंकवाचं ताट घेऊन आली, आणि टिळा लावला तो आधी धाकट्याला. थोरला राहिला बाजूला. हिंदुरावांनी फेटा सावरला, तोंड भिंतीकडं केलं. चहा पुढं केला, तर कपाला हात लावेनात.

तानूबाई आत येऊन केरबाच्या कानाला लागली. "घात झाला रं! पाव्हणं फुगलं! आता तूच काहीतरी कर, नाहीतर ही पण सोयरीक मोडली म्हण."

केरबानं दाराआडून बघितलं. पोट टम्म होतं, शंकाच नाही. म्हशीपेक्षा लहान, पण माणसाच्या मानानं पुष्कळ. "तू काळजी करू नको आई," तो म्हणाला. हौसाला घरी आणायची म्हणजे एवढं करायलाच पाहिजे.

तो मागच्या दारानं आण्णाच्या गोठ्यात जाऊन आला, आणि पाठीमागं हात बांधून पाव्हण्यांपुढं उभा राहिला. "पाव्हणं, जरा मान वर करा."

हिंदुरावांना वाटलं, पोरगं हार घालून चुकी पदरात घेतंय. त्यांनी भिंतीकडं बघतच मान वर केली. केरबानं दावं अडकवलं.

"आता आ करा."

पेढा असणार. मानाचा पेढा डोळे मिटून खावा. हिंदुरावांनी डोळे मिटले आणि आ केला. नळी गेली घशात. मागोमाग तेल.

"आता उठा. चला."

हिंदुराव गटांगळ्या खात उठले. केरबानं त्यांना अंगणात काढलं. एक फेरी झाली, दुसरी झाली. धाकटा भाऊ आधी चकित झाला, मग हात जोडून म्हणाला, "दादा, ह्यांच्याकडची रीत असंल. मोडू नका."

तिसऱ्या फेरीला हिंदुरावांना शुद्ध आली. दावं हिसडून ते ओरडायला गेले, पण तोंडातून निघाला ढेकर. त्याच्या मागून शब्द आले, "सोयरीक मोडली!" आणि ते फेटा धरून गावाबाहेर सुटले. भाऊ त्यांच्या मागं.

केरबा हसत घरात आला. "आई, उतरली! ढेकर मी कानानं ऐकला."

तानूबाई उंबऱ्यावर बसली होती. रागानं चेहरा लाल झाला, नाकपुड्या फुलल्या, दोन्ही गाल टम्म.

केरबानं बघितलं. "अगं आई, तू पण?"

नळीत तेल थोडं उरलं होतं.

तानूबाई गुडघ्यांनी अधू. पण त्या दिवशी ती अशी उठून पळाली, की ओढ्यापाशी हिंदुरावांना मागं टाकून त्यांच्याआधी त्यांच्या गावात पोचली.