जावईबापूंच्या दोन खोल्या

एका गावात एक भोळा माणूस होता. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला नको, तो मीच.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होतो. नोकरीची चार वर्षं उरली होती आणि पुढे पेन्शन नव्हती. म्हणून फंडातले पैसे काढून घरामागे दोन खोल्या बांधल्या. त्यांच्या भाड्यावर मी आणि विमल म्हातारपण काढणार होतो. विमलचे मामा, वामनमामा, यांच्या अकरा खोल्या भाड्याने होत्या. त्यांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असं मी ठरवलं.

पण पहिला भाडेकरू मामांना विचारण्याआधीच आला. सोमवारी सकाळी आला, दुपारी सामान आणलं, संध्याकाळी कळलं की तो बँडमध्ये मोठा ढोल वाजवतो. लग्नसराई होती. सराव घरीच चालायचा. पंधराव्या दिवशी विमलच्या ओट्यावरची बरणी चालत चालत खाली पडली.

मामा म्हणाले, "जावईबापू, चौकशी नाही केलीत? दारात आलेल्या माणसाला आधी विचारायचं. माणसं किती, कामधंदा काय, आधीचं घर का सोडलं, डिपॉझिट किती देणार. मगच आत घ्यायचं."

"बरं मामा," मी म्हटलं.

ढोलवाला गेला. पुढच्या बुधवारी दारात सासूबाई उभ्या. हातात ट्रंक.

मी उंबऱ्यातच विचारलं, "माणसं किती?"

"मी एकटीच की."

"कामधंदा?"

"काय करणार या वयात? वाती वळते."

"आधीचं घर का सोडलं?"

"सून धड बोलत नाही हो."

इथवर सगळं समाधानकारक होतं. मग मी डिपॉझिटचं विचारलं. सासूबाई ट्रंकेवर बसल्या आणि रडू लागल्या.

मामा तासाभरात आले. "जावईबापू, ती माझी सख्खी बहीण आहे! आलेल्या माणसाला असं विचारतात? पाणी द्यायचं, जेवायला वाढायचं, चार दिवस राहा म्हणायचं!"

"बरं मामा," मी म्हटलं.

सासूबाई मामांकडे गेल्या. शुक्रवारी एक गृहस्थ आले. म्हणाले, "खोली आहे म्हणे भाड्याने?" मी काही विचारलं नाही. पाणी दिलं. जेवायला वाढलं. चार दिवस राहा म्हटलं. ते राहिले. पाचव्या दिवशी निघतील असं वाटलं, पण त्यांनी भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. असे साडेतीन महिने गेले. गेले तेव्हा आमची नवी बादलीही गेली.

मामांनी कपाळाला हात लावला. "अहो, स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार करायचा. मुदत संपली की घर रिकामं झालंच पाहिजे. एक दिवस वर नाही!"

"बरं मामा," मी म्हटलं.

मग दुसाने आले. सूतगिरणीत फिटर. करार झाला, साक्षीदार म्हणून विमलने सही केली. दर महिन्याच्या पाच तारखेला दुसाने चहाच्या आधी तीन हजार रुपये आणून द्यायचे. अंगणातला नळ त्यांनीच दुरुस्त केला. विमल म्हणायची, "अहो, आता बघा, आपलं म्हातारपण सुखात जाणार."

अकरावा महिना लागला तसं मी दुसान्यांना खोली रिकामी करायला सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मामांना कळलं तेव्हा ते चप्पल न घालता धावत आले.

"वेड लागलंय का? असा भाडेकरू लाखात एक! काहीही करा, पण दुसान्यांना घालवायचं नाही!"

"बरं मामा," मी म्हटलं.

मुदतीचे उरलेले दहा दिवस मी फार विचार केला. मुदत संपली की घर रिकामं झालंच पाहिजे. दुसान्यांना तर घालवायचं नाही. करार दोघांचाच होता. एक दुसाने, एक मी.

मुदत संपली त्या सकाळी मी गाद्या गुंडाळायला घेतल्या.

"हे काय चाललंय?" विमलने विचारलं.

"करार संपला. घर रिकामं करतोय."

"आपलं घर?"

"मग कुणाचं? तूच तर सही केलीस."

दुसाने बिचारे मधे पडले. "काका, नवा कागद केला की झालं."

"करू की. पण आधी जागा रिकामी होऊ दे. नियम म्हणजे नियम."

विमल अर्धा तास भांडली. मग तिला आठवलं की मामांच्या चाळीत दोन वेळा पाणी येतं, आणि तिने स्वतःच भांडी बांधायला घेतली. मामांची एक खोली रिकामीच होती. मामा म्हणाले, "नातं नात्याच्या जागी, व्यवहार व्यवहाराच्या जागी." भाडं ठरलं बत्तीसशे.

तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. पाच तारखेला दुसाने मला तीन हजार देतात. सहा तारखेला मी त्यात दोनशे घालून मामांना देतो. मामा खूश आहेत. परवा पैसे मोजून खिशात ठेवले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले,

"जावईबापू, तुमच्यासारखे आणखी दोन मिळाले ना, की माझ्या म्हातारपणाची चिंताच मिटली!"

आता आणखी दोन कुठून आणायचे, त्याच्या शोधात आहे.