ओंजळीचा डोह

दगडाचे हात दुधाने धुता, मग शेवंताअक्काचे का धुवत नाही? हे मी लहानपणापासून विचारत आलो. पुजाऱ्याला विचारलं, सरपंचांना विचारलं, आईला विचारलं.

तुम्ही पाहुणे, म्हणून आधी डोह बघा. सात पायऱ्या उतरलं की पाणी. साऱ्या गावाचं पाणी नितळ, याच डोहाचं तेवढं काजळी कालवल्यासारखं काळसर. पण चवीला गोड आहे. काठावर दगडात कोरलेले दोन हात दिसतात, ते चिमाई नावाच्या जुन्या गोंदणारीचे. आमच्याकडे गोंदून घेतलं की खपली पडल्यावर गोंदणारीला इथे आणायचं, तिचे हात आपल्या हातांनी धुवायचे आणि ते पाणी ओंजळभर प्यायचं, अशी रीत. आता लोक दगडाचेच हात धुतात. आताची गोंदणारी, शेवंताअक्का, तिकडे बसलेली असते, तिने डोहाकडे येऊ नये म्हणून बांधलेल्या साखळीपलीकडे. हा प्रकार बघून तुम्हालाही आमची किळस आली, तर मला बरंच वाटेल.

रीत कशी पडली, ते असं सांगतात. फार पूर्वी इथल्या पाटलाला मैना नावाची मुलगी होती. तिचं लग्न ठरलं. बिनगोंदणाच्या सुनेच्या हातचं पाणी सासरी चालायचं नाही, त्यामुळे गोंदणं भाग होतं. गावाबाहेर गोंदणाऱ्यांची पालं पडत, त्यातली चिमाई तिची मैत्रीण. दोघी लहानपणी गुरांमागे बरोबर हिंडलेल्या. तुळस, विंचू, कमळ, मैनाला काहीच पटेना. महिनाभर ती खडकावर कोळशाने काढायची आणि पुसायची. चिमाई म्हणायची, "तुझं ठरेपर्यंत नवरा म्हातारा होईल बाई." शेवटी दोन हातांची ओंजळ ठरली. चिमाईने सुयांचा जुडगा बांधला, काजळी कालवली आणि एका दिवसात ती मनगटावर उतरवली.

त्या काळी गोंदणारीला पाणी वरून ओतायचे, तेही उंबऱ्याबाहेर. मैनाने तसं केलं नाही. खपली पडल्यावर चिमाईचा हात धरून ती भर दुपारी याच डोहावर उतरली, मैत्रिणीची काळी बोटं आपल्या ओंजळीत धुतली आणि ते पाणी प्यायली. बाया घागरी टाकून पळाल्या म्हणे. कुणी ओकलंसुद्धा. एक मुलगी दुसरीचे आभार मानते, ते बघून ओकणारं गाव आमचं.

पंच बसले. बिब्ब्याचं तेल लावून गोंदण जाळा, म्हणजे मुलगी शुद्ध होईल, असं ठरलं. बिब्बा उततो, कातडी सोलून काढतो, हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पाटलाचा हात धजेना. तेल लावलं ते मैनाच्या धाकट्या भावाने. त्याचं नाव कुणी सांगत नाही. हात सुजला, ताप डोक्यात गेला आणि नवव्या दिवशी मैना गेली.

तिला जाळून लोक परतले, तर डोह काळा. मग विहिरी काळ्या, रांजण काळे. गुरं तोंड लावीनात. पाचव्या दिवशी सगळं गाव पालावर गेलं, त्याच चिमाईच्या पाया पडायला. तिने कुणाला पायाला हात लावू दिला नाही. म्हणाली, "तुम्ही उठा. तेल लावलं त्या भावाला पाठवा." भाऊ आला. तिने दोन्ही हात पुढे केले. त्याने ते धुतले, तो ते पाणी प्यायला आणि विहिरी निवळल्या. हा डोह मात्र निवळला नाही.

माझी बहीण वेणूताई ही रीत खरी मानायची. तिनेही महिनाभर कॅलेंडरच्या पाठीमागे चित्रं काढली आणि शेवंताअक्काकडून, आपल्या मैत्रिणीकडून, मनगटावर तीच ओंजळ गोंदून घेतली. खपली पडली की तुला डोहावर नेते, असा तिला शब्द दिला होता. त्याआधीच ताई तापाने गेली. गाव म्हणालं, गोंदणारीच्या सुईचं विष. मी ऐकलं. अक्का मातीला आली, तेव्हा मी काठी घेऊन तिला वेशीबाहेर हाकललं. ताईच्या तोंडात पाणी सोडू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून कागद आला. गोंदायच्या आधी तपासायला दिलेल्या रक्तातच कावीळ होती. विष म्हणणाऱ्यांनी तो कागद आमच्याच ओट्यावर बसून वाचला आणि चहा मागितला. मला त्यांची शिसारी आली. माझी त्याहून जास्त.

आजही जत्रेला दुधाचे तांबे त्या दगडावर रिकामे होतात. यंदाच्या जत्रेत मी साखळी ओलांडून शेवंताअक्कापुढे उभा राहिलो.

"काठी नाही आणलीस का रे?" ती म्हणाली.

"तुझे हात धुवायचेत अक्का. वेणूताईचं राहिलंय."

"आणि तुझं?"

"माझ्यासाठी माफी मागायला मला तोंड नाही."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. पुजारी ओरडत होता. पायऱ्यांवरचे लोक अंग चोरून बाजूला सरत होते. खाली उतरून मी तिचे हात धुतले, एकेक बोट, आणि ताईच्या वाटचं पाणी प्यायलो.