सेन्सरचा अर्ज, वायरमार्फत

विषय: जुन्या पिकअपचा तापमान सेन्सर वारंवार बिघडत असल्याबाबत.

फार पूर्वी, गाड्यांचे सुटे भाग आपसांत बोलत आणि माणसे ते ऐकत नसत, तेव्हाची ही गोष्ट. एका पिकअपला चढ लागला की डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पेटे आणि गफूर मिस्त्री सेन्सर बदलून जुना भंगारात फेकी. नव्या सेन्सरने मात्र पहिल्याच चढावर चोर पकडला. इंजिन हादरले की सेन्सरची वायर लोखंडी पट्टीला घासत होती. तिचे आवरण फाटले होते आणि दिव्याकडे जाणारा निरोप तिथेच बिघडत होता.

"सापडलं, वायरमावशी! बिघाड तुमच्यात आहे," तो आनंदाने थरथरत म्हणाला.

"मी कुठे नाही म्हणते? तुझ्या आधीच्यांनी कधी विचारलंच नाही," वायर म्हणाली.

सेन्सरने लगेच दिव्याला हाक मारली, "दिवेसाहेब, मिस्त्रींना खरं काय ते सांगा, नाहीतर मी भंगारात जाईन."

"तोंडी चालत नाही. रीतसर वायरमार्फत अर्ज कर," दिवा म्हणाला.

सेन्सरने मोठ्या उत्साहाने तिथल्या तिथे अर्ज धाडला. तेवढ्यात वायर पट्टीला घासली, दिवा पेटला आणि मिस्त्रीने पाना उचलला.

सेन्सर सध्या भंगारात आहे. त्याचा अर्ज प्रलंबित आहे.