कडेचा घास

"पूल आहे, मग नदी कुठाय?" राजा भद्रसेन कडाडला.

"येतेय, महाराज, येतेय!" प्रधान अच्युतपंत लगबगीने पुढे झाले. "खणायचं काम जोरात चालू आहे!"

झालं होतं असं, की थाटनगर या राजधानीत कारंजी झाली, हत्तींना डुंबायला संगमरवरी हौद झाला आणि मग सात कमानींचा एक देखणा दगडी पूलही झाला. पूल पुरा झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की खालून वाहायला काहीच नाही! मग काय, नदी खणायला घेतली.

तेवढ्यात एक मुलगी हात जोडून पुढे आली. राज्याच्या पार शेवटच्या टोकाला कोरवाडी नावाचं गाव आहे, तिथल्या शेतकऱ्याची ही लेक, हौसा. आठ दिवस चालून आली होती बिचारी.

"महाराज, आमच्याकडे सगळं उलटं आहे. नदी आहे, पूल नाही! पावसाळ्यात चार महिने गाव अडकून पडतं. सुईण राहते पलीकडच्या काठाला. गेल्या साली माझ्या काकूच्या वेळी ती तिकडून नुसत्या हाका मारत राहिली. काकू वाचली, बाळ गेलं. आता वहिनी श्रावणात बाळंत व्हायची आहे. त्याआधी पूल द्या!"

"खजिना रिकामा आहे," पंत म्हणाले. हे वाक्य त्यांना झोपेतसुद्धा पाठ होतं.

"आणि माझ्या राज्यात कुणाला काही कमी नाही!" राजा म्हणाला. तो राजधानीबाहेर कधी गेलाच नव्हता, त्यामुळे त्याची तशी खात्रीच होती.

"एकदा येऊन बघा तरी, महाराज!"

"मी? आठ दिवसांच्या वाटेवर? ऐक पोरी! उद्या होळी. उद्याचं जेवण होईपर्यंत मी वाड्याबाहेर पाऊल टाकणार नाही आणि तू माझ्यापुढे अवाक्षर काढायचं नाहीस. तरीही तुझ्या कोरवाडीचं रडगाणं माझ्याच तोंडून वदवलंस, तर पूल दिला! नाही जमलं, तर तुमचे सगळे गडी इथे नदी खणायला!"

दरबार खो खो हसला. हौसाने मान डोलावली आणि तडक मुदपाकखाना गाठला. राजाला पुरणपोळी म्हणजे जीव की प्राण, हे तिला ठाऊक होतं. राजाची तेवढी एक बातमी कोरवाडीपर्यंत पोचली होती.

"आचारीबुवा, उद्या पोळ्या मी लाटते."

"चांगल्या येतात का तुला?"

"झकास येतात. पण उद्या बिघडवायच्या आहेत."

"अगं पोरी! माझी मान जाईल ना!"

"माझं नाव सांगा खुशाल. पुरण तुमचं नेहमीचंच, कणीकही तेवढीच. लाटणं तेवढं माझ्या हातात द्या!"

दुसऱ्या दिवशी राजा पाटावर बसला. पोळीवर तुपाची धार पडली. राजाने कडेचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि त्याचा चेहराच बदलला. त्याने दुसऱ्या बाजूने तुकडा मोडला. तोही तसलाच!

"हे काय? नुसती कणीक! दुसरी वाढा!"

दुसरीही तशीच. तिसरीही तशीच. हौसा खांबाला टेकून गप्प उभी.

"महाराज, मधे बघा ना, मधे!" शेजारच्या पाटावरून पंत गोडीगुलाबीने म्हणाले. "मधे केवढं पुरण आहे! अगदी फुटून बाहेर आलंय!"

"चुलीत गेलं तुमचं मधे!" राजा भडकला. "सगळं मधेच कोंबलं म्हणजे झालं का? कडेला काहीच नाही! कडेचा घास घशाखाली उतरत नाही, पंत! पुरण कडेपर्यंत गेलंच पाहिजे!"

"वदलात, महाराज!" हौसा टाळी वाजवून ओरडली. "मधे थाटनगर, आणि ही कड म्हणजे आमची कोरवाडी!"

राजाचा हात ताटातच थांबला. तो पोळीकडे बघतच राहिला.

"पण पुरण... म्हणजे खजिना... पुरायला नको का?" पंत पुटपुटले.

"आचारीबुवा, आज पुरण कमी पडलं होतं का हो?"

"छे! रोजच्याइतकंच होतं."

"ऐकलंत, पंत? मी मधल्याला लाटण्याचा धक्काच लावला नाही. मग ते सरकतंय कशाला?"

"आणि हे लाटणं असतं कुणाच्या हातात?" राजाने डोळे बारीक करून विचारलं.

"पोळीचं माझ्या! राज्याचं कुणाच्या, ते मी गरिबाने काय सांगावं?"

पंतांना जोरदार ठसका लागला. राजाने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"हरलो पोरी! पूल दिला! पण श्रावणाच्या आत नवा पूल उभा कसा राहायचा?"

"नवा कशाला, महाराज? तुमचा पूल केव्हाचा नदीचं स्थळ शोधतोय. आमची नदी बिनपुलाची बसून आहे. टाका की लग्न लावून!"

राजा असा हसला, असा हसला, की पाटावरून खाली घसरला!

"मोडा तो पूल! चढवा दगड गाड्यांवर!" डोळे पुसत त्याने हुकूम सोडला. "आणि पंत, नवरदेवाच्या वरातीबरोबर तुम्ही जायचं. पूल उभा राहीपर्यंत मुक्काम कोरवाडीलाच!"

आषाढ लागायच्या आतच पूल उभा राहिला. पंतांनी कधी नव्हे ती घाई केली. पावसात तिथे अडकायची त्यांची मुळीच तयारी नव्हती. श्रावणात सुईण छत्री डोक्यावर धरून, चपला न भिजवता अलीकडे आली आणि वहिनीला ठणठणीत मुलगी झाली.

बारशाला खुद्द राजा आला. आठ दिवसांच्या प्रवासाने अंग पार आंबलं होतं. त्याने बाळाच्या आईला साडीचोळी दिली, हौसाच्या हातात सोन्याचे तोडे घातले आणि पाटावर बसला. ताटात पोळी आली. राजाने आधी कड मोडून बघितली.

"काय, महाराज?" हौसाने विचारलं. "कोरवाडीची कड कशी आहे?"

तोंड भरलेलं असल्यामुळे राजाला उत्तर देता येईना. त्याने नुसती बोटं वर केली: आणखी दोन वाढ!