खल्फानचा खटला

आखाताच्या काठी, मोत्यांच्या व्यापारावर जगणाऱ्या एका चिमुकल्या संस्थानात एक वृद्ध काझी न्यायदान करीत असे. संस्थानावर दोघांचा डोळा होता. तुर्की सुलतान म्हणे, ही भूमी माझी. इंग्रज म्हणत, हिचे रक्षणकर्ते आम्ही. तिथल्या शेखाला दोघांपैकी कुणालाही दुखवणे परवडणारे नव्हते.

एकदा बंदरातल्या भांडणात इंग्रजी जहाजावरील एका खलाशाने खल्फान नावाच्या तरुण पाणबुड्याला भोसकून मारले. शेखाच्या शिपायांनी खलाशाला पकडले. खल्फानची आई मोझा काझीकडे दाद मागायला आली.

तेवढ्यात इंग्रजांचा तिथला प्रतिनिधी, रेसिडेंट, शेखाकडे येऊन म्हणाला, “आरोपी आमचा आहे. खटला आम्ही चालवू.”

पाठोपाठ सुलतानाचा अधिकारी हजर झाला. “भूमी सुलतानाची आहे. खटला सुलतानाचाच.”

जो खटला चालवील त्याची सत्ता सिद्ध होणार होती. दूरच्या राजधान्यांत खलबते सुरू झाली. मोझा काझीच्या दारी येऊन विचारी, “माझ्या मुलाला मारणाऱ्याचा निवाडा कधी होणार?”

अखेर दोन्ही दरबारांत समेट झाला. खटला कुणीच चालवायचा नाही, म्हणजे कुणाचाच दावा दुबळा होणार नाही. खलाशाला जहाजात बसवून दूर धाडण्यात आले. शेखाला फक्त कळवण्यात आले.

तेव्हा काझीने दवंडी पिटवून न्यायसभा भरवली. शेख स्वतः येऊन हलक्या आवाजात म्हणाला, “काझीसाहेब, हे करू नका. रेसिडेंटने बजावलं आहे. मी तुम्हाला वाचवू शकणार नाही.”

“ठाऊक आहे,” काझी म्हणाला.

त्याने एकेक साक्षीदार तपासला आणि खलाशी खुनी असल्याचा निवाडा दिला. मोझाने तो उभ्यानेच ऐकला आणि ती घरी गेली.

सभा पांगल्यावर थानी या काझीच्या तरुण शिष्याने विचारले, “उस्ताद, आरोपी समुद्रापार गेला. निवाडा अमलात येणार नाही. मग तुम्ही स्वतःला संकटात का घातलंत?”

काझी म्हणाला, “बाळ, ते इतके दिवस भांडले ते भूमी कुणाची यावर. खल्फानला कुणी मारलं, हे एकानेही विचारलं नाही. शिक्षा देण्याचं बळ आपल्यापाशी उरलेलं नाही. पण खुनाला खून म्हणायलाही आपण परवानगी मागू लागलो, तर निशाण कुणाचंही फडको, आपण संपलोच.”

थोड्याच दिवसांत काझीला एका ओसाड बेटावर नेऊन सोडण्यात आले. शेख निरोपाला आला नाही.

काझीपद थानीला देऊ करण्यात आले. अट एवढीच, की बंदरातला कोणताही खटला रेसिडेंटला विचारल्यावाचून ऐकायचा नाही. थानीने मानाची वस्त्रे घडी घालून परत केली आणि तो मोत्यांच्या नावेवर मजुरीला गेला.

काझीपदासाठी दुसरा माणूस त्याच दिवशी मिळाला.