उखाबाची वेल

नदीवर अजून कुणी धरण बांधलं नव्हतं आणि तिचं पाणी उन्हाळ्यातही गुडघ्याच्या वर असायचं, त्या काळची ही गोष्ट. नदीकाठी नांदरखोरं नावाचं गाव होतं. गावात रंगाऱ्यांची वस्ती होती. रंगारी कापडावर लाकडी ठशांनी नक्षी छापायचे, ते कापड नदीत धुवायचे आणि वाळूवर वाळत घालायचे. काठावरून पाहिलं तर वाळवंटात बाग फुलली आहे असं वाटायचं.

हे ठसे कोरायचा उखाबा सुतार. तो हडकुळा होता, फार बोलायचा नाही, आणि सागाच्या ठोकळ्यावर वाकून वाकून त्याच्या पाठीला बाक आला होता. त्यानं एक वेल कोरली होती. वळत वळत जाणारी, आणि तिच्या प्रत्येक वळणावर एक पोपट. ती इतकी जिवंत होती, की कापड वाळूवर पसरलं की झाडावरचे खरे पोपट खाली उतरून वेलीवरची फळं टोचायचे, असं म्हणतात. कापडाला भोकं पडू नयेत म्हणून रंगाऱ्यांच्या बायका काठ्या घेऊन राखण करायच्या, असंही म्हणतात. एवढं खरं, की लांबलांबचे व्यापारी या वेलीसाठी नांदरखोऱ्याला यायचे आणि गाव त्यावर पोट भरायचं.

म्हणून गावाचा एक कडक रिवाज होता. ठसा गावाबाहेर जायचा नाही. झिजला तर चुलीत घालायचा, पण दुसऱ्या गावाच्या हाती पडू द्यायचा नाही. ठसे कोरणाऱ्यानं नदीत उभं राहून तशी शपथ घ्यायची. उखाबानंही ती घेतली होती.

उखाबाला एकच मुलगी, मथी. ती नदीच्या खालच्या अंगाला, करंजवड्याला एका ठसे कोरणाऱ्याच्याच घरात दिलेली होती. एका वर्षी नदीला असा पूर आला, की करंजवड्याची रंगाऱ्यांची आळी वाहून गेली. माणसं वाचली, पण ठसे एकूण एक गेले. मथीचा नवरा ठसे वाचवायला पाण्यात शिरला आणि त्याचा उजवा हात ओंडक्याखाली चिरडला. आता कोरणार कोण, आणि छापणार कशानं? आळीतल्या चुली थंड पडल्या.

मथी माहेरी आली. बापासमोर बसली आणि पदर पसरून म्हणाली, "आबा, एक ठसा द्या. तुमचा जुना, झिजलेला असला तरी चालंल."

उखाबा पटाशीला धार लावत होता. त्यानं मान वर केली नाही.

"ठसा गावाबाहेर जात नाही, माय. तुला ठाऊक आहे."

"मी गावाबाहेरची झाले का आता?"

उखाबा पटाशी दगडावर घासत राहिला. तिच्या आईनं तिला ज्वारी दिली, गूळ दिला, लुगडं दिलं. त्या लुगड्यावर तीच वेल छापलेली होती. मथीनं ते अंगावर घेतलं आणि ती परत गेली. त्या दिवसापासून उखाबाच्या हातून सरळ रेघ निघेना, असं म्हणतात.

करंजवड्याला गेल्यावर मथीनं काय केलं ते ऐका. तिनं त्या लुगड्याचा पदर कापला, खळ लावून सागाच्या ठोकळ्यावर चिकटवला, आणि नवऱ्याची कोरणी हातात घेतली. बायकांनी कोरणीला हात लावायचा नाही अशी रीत होती, म्हणून तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. नवरा तापात पडलेला, त्यालाही विचारता येईना. कोरणाऱ्यांच्या घरात मुलग्यांना लहानपणीच शिकवतात, की ठशावर नक्षी उलटी काढावी लागते, तेव्हा ती कापडावर सुलटी उमटते. मथीनं पदर होता तसाच चिकटवला आणि तशीच वेल कोरली. पहिलं कापड छापलं तेव्हा सगळे पोपट उलट्या दिशेला तोंड करून बसले होते. ती कपाळाला हात लावून बसली. पण दुसरं लाकूड नव्हतं. रंगारी म्हणाले, असू दे, पोपट तो पोपटच.

ते कापड जत्रेत गेलं आणि नांदरखोऱ्याच्या लोकांनी पाहिलं. मग काय विचारता! नदीच्या वाळूवर पंच बसले. दोन्ही गावं जमली. नांदरखोऱ्याचा दौलत पाटील मोठ्या आवाजाचा माणूस. त्यानं विचारलं, "उखाबा, ही वेल कुणाची?"

"मी कोरलेली."

"मग ह्यांनी चोरली म्हण, की झालं. ह्यांचा ठसा जाळू, आणि पुन्हा कोणत्याच बाजारात ह्यांचं कापड उतरू देणार नाही. पण तू दिली असशील, तर शपथ मोडलीस. मग तुझी हत्यारं नदीत. बोल."

समोर मथी उभी होती. तिच्या दोन्ही तळव्यांना कोरणीचे घाव होते. चोरी म्हटली तर लेकीचं घर उठत होतं. दिली म्हटलं तर हातातली विद्या जात होती, आणि उखाबाला तिच्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

उखाबा म्हणाला, "दोन्ही कापडं जवळ आणा. मला बघू द्या."

वाळूवर नांदरखोऱ्याचं कापड पसरलं, त्याला लागून करंजवड्याचं. उखाबा ओणवा होऊन बराच वेळ पाहत राहिला. गर्दीतून ठगूबाई पुढं आली. ही नांदरखोऱ्याच्या रंगाऱ्यांतली सगळ्यात म्हातारी बाई, आणि तिच्या जिभेला पाटीलही भ्यायचा. ती कापडं पाहून हसायलाच लागली.

"अगं बाई! आपले पोपट इतकी वर्षं एकामागं एक चालले होते, बाजाराला निघाल्यासारखे. आता कुठं एकमेकांची तोंडं दिसली बिचाऱ्यांना!"

लोकांनी पाहिलं, आणि खरंच तसं होतं. प्रत्येक पोपटासमोर एक पोपट होता, दोन वेली मिळून मधे महिरप झाली होती, आणि ती महिरप उखाबानं कधी कोरली नव्हती. मथीनंही नाही. त्या क्षणी वाळूवर पोपटांची किलबिल ऐकू आली, असं म्हणतात. झाडांवर तर एकही पोपट नव्हता.

उखाबा उठला. म्हणाला, "चोरी नाही ही. ती मागायला आली होती. मी वेल द्यायला पाहिजे होती, दिली नाही. आज देतो. तिला एकटीला नाही, ज्याला पाहिजे त्याला. कोरा, छापा, वाटेल तशी बदला. फक्त कुणी विचारलं तर कुठून आली ते सांगा. आणि तुम्ही तिच्यातून जे नवं कराल, ते घ्यायला पुढचा आला तर त्याला अडवू नका."

"आणि आमच्या पोराबाळांनी काय खायचं?" पाटील ओरडला. "तुझी वेल चाटायची?"

या प्रश्नाला उखाबानं काय उत्तर दिलं ते कुणी सांगत नाही. पाटलाचं बोलणं खोटं नव्हतं, हे मला प्रत्येक वेळी गोष्ट सांगताना जाणवतं. पुढची काही वर्षं नांदरखोऱ्याला जड गेली, आणि उखाबा दिसला की लोक तोंड फिरवायचे.

रिवाजाप्रमाणे त्याची हत्यारं नदीत टाकली. पटाशी, कोरण्या, हातोडा, सगळं. उखाबा काठावर बसून पाहत होता.

पण पाण्याखालीही त्या कोरण्या थांबल्या नाहीत, असं म्हणतात. पुढच्या पुरात जे ओंडके वाहून आले, त्यांच्यावर वेल कोरलेली होती. काठाकाठानं गावोगावच्या लोकांनी ते ओंडके बाहेर काढले, त्यांवरून ठसे केले. कुठं पोपटाचा मोर झाला, कुठं फळाची कळी झाली. कुणी विचारलं की ते सांगायचे, नांदरखोऱ्याच्या उखाबाची. ते नाव ऐकून व्यापारी पुन्हा नांदरखोऱ्याची वाट विचारू लागले. लग्नाच्या कापडाला आता दोन्ही गावांची वेल लागायची, एकीवाचून दुसरी अपुरी वाटायची.

आणि ज्या ज्या गावानं वेल घेतली, त्या गावातून कुणी ना कुणी उखाबाच्या दारात एक कोरणी ठेवून जायचं. त्याची पहिली हत्यारं नव्हती एवढी पुढं त्याच्या घरात झाली. ती हाती घेऊन तो पुन्हा कोरू लागला, आणि आता करंजवड्याहून येऊन त्याच्या शेजारी मथी कोरायला बसायची. तो शेवटी कुठं वारला ते नक्की नाही. नदीकाठचं प्रत्येक गाव म्हणतं, आमच्याकडे.

आता नांदरखोऱ्यात कुणी कापड छापत नाही. रंगाऱ्यांची मुलं शहरात गेली. पण गावातली लेक सासरी निघाली, की कुठल्याही जातीची असो, तिच्या ओटीत खण-नारळाबरोबर वेलीचा नवा ठसा घालतात. तो कोरणाऱ्यानं वेलीत एक तरी गोष्ट आपल्या मनानं बदलायची असते. लेक तो ठसा हळदीच्या पाण्यात बुडवते, उखाबाचं नाव घेते, माहेरच्या चौकटीवर एकदा उमटवते आणि ठसा घेऊन निघून जाते. चौकटी खालपासून वरपर्यंत भरल्या आहेत. दिवाळीला लोक घरं रंगवतात, तेव्हा तेवढी चौकट सोडून रंगवतात.